साम्राज्यं जातात, त्यांची दफ्तरं मागे राहतात

नोंदकर्ता (धागाकर्ता)

इ.स.पू. २०६ मध्ये चीनमधल्या छिन साम्राज्याची राजधानी श्यानयांग बंडखोरांच्या हाती पडली. त्यांचा एक नेता लिउ बांग, त्याचे सरदार धावले ते खजिन्याकडे. सोनं, रेशीम, जे हाती लागेल ते वाटून घ्यायची घाई. त्याचा कारभारी शाओ ह मात्र थेट प्रधानाच्या कचेरीत शिरला आणि त्यानं कायद्यांच्या प्रती, नकाशे आणि याद्या ताब्यात घेतल्या. थोड्याच काळात श्यांग यू हा दुसरा सेनापती आला आणि त्यानं राजवाड्यांना आग लावली. ती तीन महिने विझली नाही असं इतिहासकार सिमा छ्यान सांगतो. या दोघांच्या पुढच्या चार वर्षांच्या झुंजीत कुठल्या खिंडी मोक्याच्या, कुठे लोकवस्ती किती, कुठला भाग सबळ नि कुठला दुबळा हे लिउ बांगला ठाऊक होतं ते या दफ्तरामुळे, हेही तोच लिहितो.

छिन साम्राज्य अवघी १५ वर्षं टिकलं. लिउ बांगचं हान घराणं सुमारे ४०० वर्षं. छिन म्हणजे जुलूम, असं सांगत हान गादीवर आले, पण कायद्याचा सांगाडा, जिल्ह्यांची रचना, घराघरांची नोंद हे बरंचसं छिनचंच पुढे चालवलं. शाओ ह यानं नवा कायदा रचला तोही छिनच्या कायद्यावर बेतून.

धागा काढायचं कारण हेच. साम्राज्यांचा विषय निघाला की आपण लढाया, राजे आणि इमारतींवर बोलतो. माझं म्हणणं असं, की समाजाला दीर्घकाळ टिकणारं वळण लावते ती वसुलीची पद्धत. कुणाची मोजदाद झाली, वसूल कुणी केलं, काय वसूल केलं (पैसा, धान्य की माणसं), आणि राज्य बुडाल्यावर ते दफ्तर कुणाच्या हाती गेलं, हे पाहिल्याशिवाय आजचे समाज असे का आहेत ते कळत नाही.

छिनचं दफ्तर कसं होतं याचा पुरावा १९७५ मध्ये मिळाला. हुपे प्रांतात श्वेहुदी इथे शी नावाच्या एका कनिष्ठ अधिकाऱ्याची कबर सापडली. शवाबरोबर हजाराहून जास्त बांबूच्या पट्ट्या पुरल्या होत्या आणि त्यांतल्या बऱ्याच पट्ट्यांवर कायदे लिहिलेले. सरकारी बैल नांगराला जुंपला आणि त्याच्या अंगाचा घेर कमी भरला, तर सांभाळणाऱ्याला दर छुनमागे १० फटके. छुन म्हणजे सव्वादोन सेंटीमीटरच्या आसपास. बैलाला मोजपट्टी लावून माणसाच्या पाठीवरचे फटके ठरवणारं राज्य!

त्याच पट्ट्यांत वेठीला उशिरा पोहोचणाऱ्यांचेही नियम आहेत. ३ ते ५ दिवस उशीर झाला तर समज, ६ ते १० दिवस झाला तर एका ढालीचा दंड, त्याहून जास्त असेल तर एका चिलखताचा. पावसानं अडवलं असेल तर काम माफ. आता याच्या शेजारी इ.स.पू. २०९ ची गोष्ट ठेवा. सीमेवरच्या पहाऱ्याला निघालेले ९०० जण दाझश्यांग इथे पावसात अडकले. उशिराची शिक्षा मृत्यूच, मग बंड करून मेलेलं काय वाईट, असं म्हणून चन शंग आणि वू ग्वांग यांनी उठाव केला आणि साम्राज्य कोसळायला सुरुवात झाली. पट्ट्यांवरचा नियम वेठीचा आहे, पहाऱ्याच्या चाकरीचा वेगळा असू शकेल. तरीही मला हे महत्त्वाचं वाटतं. त्या ९०० जणांनी कायद्याची कलमं वाचली नव्हती. त्यांनी बैलवाल्याच्या पाठीवरचे वळ पाहिले होते.

दुसरं उदाहरण पोतोसीचं. आजच्या बोलिव्हियातला हा चांदीचा डोंगर १५४५ मध्ये स्पॅनिशांना सापडला. उंची ४,००० मीटर, मजूर मिळेनात. इंका राज्यात मिता नावाची वेठ होती. गावांनी पाळीपाळीनं माणसं द्यायची, रस्ते, पूल आणि राज्याच्या शेतीसाठी. व्हाइसरॉय फ्रान्सिस्को दे तोलेदो यानं १५७३ मध्ये ही तयार चौकट उचलली आणि खाणींकडे वळवली. ठरलेल्या पट्ट्यातल्या २०० हून अधिक वस्त्यांनी आपल्या प्रौढ पुरुषांपैकी सातवा हिस्सा पोतोसीच्या चांदीसाठी नाहीतर वान्काव्हेलिकाच्या पाऱ्यासाठी धाडायचा. १८१२ पर्यंत हे चालू होतं.

अर्थशास्त्रज्ञ मेलिसा डेल यांनी पेरूमधल्या त्या पट्ट्याच्या हद्दीवरची गावं तपासली. हद्दीच्या आत आणि बाहेर, डोंगर तेच, हवा तीच. २०१० मध्ये त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पट्ट्याच्या आतल्या घरांचा खर्च आजही बाहेरच्यांपेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी कमी भरतो आणि वाढ खुंटलेल्या मुलांचं प्रमाणही आत जास्त आहे. मिता बंद होऊन २०० वर्षं होत आल्यावर! त्यांनी दिलेलं कारण मला फार विचारात पाडतं. पट्ट्याबाहेर बड्या जमीनदारांच्या हासिएंदा, म्हणजे मोठ्या जमीनदाऱ्या, उभ्या राहिल्या. आत सरकारनं त्या वाढू दिल्या नाहीत, खाणीच्या मजुरांवर दुसरा कुणी हक्क सांगायला नको म्हणून. हे जमीनदार काही दयाळू नव्हते. पण त्यांना माल बाजारात न्यायला रस्ते हवे होते आणि ते पदरात पाडून घेण्याइतकं त्यांचं वजन होतं. आतल्या गावांना कुणी वालीच नव्हता. म्हणजे दोन जुलमांतला कुठला वाट्याला आला, यावरही नातवंडा-पतवंडांचं भवितव्य ठरलं.

तुम्हाला अशी कुठली उदाहरणं ठाऊक आहेत? आणि हा विचार कुठे तोकडा पडतो, तेही सांगा.

---

तिसरा प्रहर

माहितीपूर्ण धागा. शाओ हची गोष्ट माहीत नव्हती.

इंग्लंडचं एक उदाहरण भर म्हणून. नॉर्मंडीच्या विल्यमनं १०६६ मध्ये इंग्लंड जिंकलं आणि १०६९-७० च्या हिवाळ्यात उत्तरेतलं बंड मोडताना गावं, धान्य, जनावरं जाळत नेली. १०८६ मध्ये त्याच राजानं देशभर पाहणी करवली, ती डूम्सडे. तिच्यात यॉर्कशरमधल्या गावामागून गावापुढे एकच शेरा आहे: उजाड. ज्यानं उजाड केलं त्याच्याच कारकुनानं लिहिलेला. काही इतिहासकार म्हणतात की या शेऱ्याचा अर्थ 'इथून महसूल येत नाही' एवढाच असू शकतो, माणसं तिथे असतीलही. मला तर हे जास्तच भयंकर वाटतं. महसूल देत नसाल तर दफ्तराच्या लेखी तुम्ही नाहीच.

---

पानगळ

धागा आवडला, पण मूळ मुद्द्याशी पूर्ण सहमत नाही.

नोंदकर्ता, तुमच्या मांडणीत हिंसा फार नीटनेटकी होऊन बसते. याद्या, हिस्से, टक्के. माझ्या मते समाजावरचा सर्वांत खोल घाव कुठल्याही यादीत नसतो. अटलांटिकवरचा गुलामांचा व्यापार घ्या. सुमारे सव्वा कोटी माणसं आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जहाजांत चढवली गेली आणि त्यांतली १५ लाखांहून जास्त वाटेतच मेली. हे आकडे मिळतात, कारण जहाजवाल्यांनी हिशेब ठेवले. पण जहाजापर्यंत पोहोचायच्या आधी काय झालं? १९ व्या शतकाच्या मध्यावर फ्रीटाउनमध्ये सिगिस्मुंड कोएले या भाषाअभ्यासकानं सुटका झालेल्या गुलामांना तुम्ही कसे पकडले गेलात, असं विचारून ठेवलं आहे. कुणी युद्धात पकडला गेला, कुणाला वाटेवरून पळवलं, आणि कुणाला मित्रांनी किंवा नातेवाइकांनीच विकलं.

बंदुकीशिवाय गावाचा बचाव होत नाही, बंदूक युरोपीय व्यापाऱ्याकडेच मिळते आणि तो मोबदल्यात माणूस मागतो. शेजारच्या गावानं आपल्याला विकण्याआधी आपण त्याला विकायचं. अशी कित्येक दशकं गेली की माणूस काय शिकेल? २०११ मध्ये नेथन नन आणि लिओनार्ड वांचेकॉन यांनी दाखवलं की ज्या जमातींमधून जास्त माणसं नेली गेली, त्यांच्या वंशजांचा आजही शेजाऱ्यांवर, नातेवाइकांवर आणि स्थानिक कारभाऱ्यांवर विश्वास कमी आहे. शेजाऱ्यावर विश्वास नसेल तर भागीदारीत धंदा होत नाही, उधारी होत नाही, गावची विहीरसुद्धा होत नाही. हे कुठल्या दफ्तरातून आलं? हे घरात आईनं मुलाला 'अनोळखी माणसाबरोबर जाऊ नकोस, ओळखीच्या माणसाबरोबरही जाऊ नकोस' असं सांगण्यातून आलं.

---

नोंदकर्ता

पानगळताई, मुद्दा मान्य आहे आणि तो माझ्या मांडणीत नव्हता. भीती वारशानं मिळते आणि तिला कचेरी लागत नाही.

पण एक जोडतो. काँगोमध्ये १८८५ ते १९०८ बेल्जियमच्या दुसऱ्या लिओपोल्डची खासगी सत्ता होती. रबराचा ठरलेला कोटा गावानं द्यायचा, नाही दिला तर फोर्स पब्लिक हे सैन्य यायचं. शिपायांनी काडतुसं शिकारीत वाया घालवू नयेत म्हणून अधिकारी हिशेब मागायचे: प्रत्येक काडतुसामागे एक कापलेला उजवा हात आणून दाखवायचा. मग ज्यांनी शिकारीत गोळी वापरली त्यांनी जिवंत माणसांचे हात कापले. ही क्रूरता बेभान शिपायांची नव्हती. हिशेब तपासण्याच्या पद्धतीनंच ती मागितली होती.

आणि हे जगापुढे आलं तेही हिशेबातून. लिव्हरपूलच्या जहाज कंपनीचा एक कारकून, एडमंड मोरेल, अँटवर्पच्या धक्क्यावर मालाच्या नोंदी पाहायचा. काँगोहून रबर आणि हस्तिदंत भरभरून येतंय, तिकडे जाताना मात्र बहुतेक बंदुका आणि दारूगोळा. व्यापार असेल तर मालाच्या बदल्यात माल जायला हवा. त्यानं बरोबर ताडलं की रबराचे पैसे कुणाला मिळतच नाहीत. १९०४ मध्ये ब्रिटिश वाणिज्यदूत रॉजर केसमेंट यांचा अहवाल आला, ओरड वाढली आणि १९०८ मध्ये राजाला काँगो बेल्जियम सरकारच्या हवाली करावा लागला.

---

शाईची बाटली

पहिल्यांदाच प्रतिसाद देतेय, कारण विषय जिव्हाळ्याचा आहे.

नेदरलँड्समध्ये जर्मन शिरले तेव्हा तिथली लोकसंख्या-नोंद युरोपात नावाजलेली होती. प्रत्येकाचं कार्ड, कार्डावर पत्ता आणि धर्म. ती कुणाचा छळ करायला ठेवली नव्हती, चांगल्या कारभारासाठी होती. तेच दफ्तर आयतं हातात पडलं. देशातल्या सुमारे १,४०,००० ज्यूंपैकी १ लाखाहून जास्त मारले गेले. पश्चिम युरोपात इतकं मोठं प्रमाण दुसरीकडे नाही.

२७ मार्च १९४३ च्या रात्री चित्रकार विलेम अरोंडेउस, शिल्पकार गेरिट व्हान डर व्हेन आणि त्यांचे साथीदार पोलिसांच्या वेशात आम्स्टरडॅमच्या नोंदणी कचेरीत शिरले. पहारेकऱ्यांना बेशुद्ध करून बाहेर नेलं, म्हणजे त्यांच्या जिवाला धोका नको. कपाटं उघडून कार्डं जमिनीवर ओतली आणि स्फोटकं लावली. आग विझवायला आलेल्या बंबवाल्यांनी मुद्दाम उशीर केला आणि मग गरजेपेक्षा जास्त पाणी मारलं, म्हणजे जे जळलं नाही ते भिजून जावं. एवढं करून कार्डांचा सातवा-आठवा हिस्साच नष्ट झाला. काही दिवसांत बहुतेक जण पकडले गेले आणि जुलैमध्ये अरोंडेउससह १२ जणांना गोळ्या घातल्या.

मला या गोष्टीत बंबवाले फार महत्त्वाचे वाटतात. त्यांना कटाची माहिती असो-नसो, आत काय जळतंय ते त्यांना कळलं आणि हातातल्या नळीनं जे करता येईल ते त्यांनी केलं.

---

उंबरठा

+१. रवांडाचंही असंच. बेल्जियमनं १९३० च्या दशकात प्रत्येकाला ओळखपत्र दिलं, त्यावर जमात: हुतू, तुत्सी किंवा त्वा. आधीही हे भेद होते, पण त्यांत थोडीफार ये-जा होती. गुरंढोरं, मान-मरातब, लग्न यांनी घराण्याची ओळख पिढ्यांमध्ये बदलू शकायची. ओळखपत्रानं ती गोठवली आणि मुलाला बापाची जात लागू झाली. बेल्जियम १९६२ मध्ये गेलं, ओळखपत्र राहिलं. १९९४ मध्ये तुत्सींचा संहार झाला तेव्हा रस्तोरस्ती नाकी लावून तेच तपासलं गेलं. १०० दिवसांत सुमारे ८ लाख माणसं मारली गेली.

---

दूरदेशी

सगळी चर्चा वाचतोय. थोडा विरोधी सूर लावतो.

दफ्तर म्हणजे जुलूम असं समीकरण होऊ नये. पोलंड १७७२, १७९३ आणि १७९५ अशा तीन घासांत रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रियानं गिळला आणि १९१८ पर्यंत तीन साम्राज्यांत वाटलेला राहिला. पुन्हा एक झाला तेव्हा तिन्ही तुकड्यांचे कायदे वेगळे, चलन वेगळं, रशियाकडच्या रुळांची रुंदीसुद्धा वेगळी. आजही पोलंडच्या रेल्वेचा नकाशा पाहिला तर जुनी प्रशियाची हद्द डोळ्यांनी दिसते, पश्चिमेला रुळांचं दाट जाळं आणि पूर्वेला विरळ.

पण ऑस्ट्रियाच्या हाब्सबर्ग घराण्याकडे असलेल्या भागाची, म्हणजे गालिशियाची, कहाणी निराळी आहे. गरिबी प्रचंड होती. तरी तिथली कारभाराची यंत्रणा त्यातल्या त्यात कायद्याला धरून चालायची आणि लाच कमी होती. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पूर्व युरोपात जुन्या हाब्सबर्ग हद्दीच्या दोन्ही बाजूंची, पण आज एकाच देशात असलेली गावं घेतली. हद्दीच्या आतल्या लोकांचा कोर्टावर आणि पोलिसांवर विश्वास जास्त आणि त्यांना लाच कमी द्यावी लागते. साम्राज्य १९१८ मध्ये संपलं, मध्ये दोन महायुद्धं झाली आणि कम्युनिस्ट राजवट येऊन गेली, तरीही! पानगळताई म्हणतात तसा अविश्वास वारशानं येतो, तसा विश्वासही येतो.

म्हणून नोंदकर्ता, तुमचा प्रश्न थोडा बदलावा असं सुचवतो. दफ्तर कुणाकडे होतं यापेक्षा, सामान्य माणसाला त्या दफ्तराविरुद्ध दाद मागता येत होती का? गालिशियातल्या शेतकऱ्याला कोर्टात उभं राहता येत होतं. काँगोतल्या गावकऱ्याला कुठे जाता येणार होतं?

---

काठावरचा

दूरदेशी यांच्या प्रश्नाला धरूनच बंगालचं उदाहरण. १७९३ मध्ये कॉर्नवॉलिसनं कायमधारा लावला. सारा कायमचा ठरला, जमीनदार मालक ठरले आणि ठरलेल्या दिवशी सूर्य मावळेपर्यंत सारा भरला नाही तर जमीनदारीचा लिलाव. त्यामुळे जमीनदार कुळाला पिळणारच. इतर भागांत रयतवारी होती, म्हणजे सारा थेट शेतकऱ्याकडून. तीही कडकच होती आणि दुष्काळात सूट मिळेलच असं नाही. पण अभिजित बॅनर्जी आणि लक्ष्मी अय्यर यांनी २००५ च्या अभ्यासात दाखवलं की जमीनदारी जिल्हे स्वातंत्र्यानंतरही शेतीतल्या गुंतवणुकीत आणि उत्पादनात मागे राहिले. शाळा-दवाखान्यांतही. जमीनदारी तर १९५० च्या दशकात कायद्यानं गेली होती.

जिथे मधला माणूस वसूल करतो तिथे रयतेला सरकारकडे काही मागायची वाटच उरत नाही. तक्रार करायची तीही त्याच्याकडेच.

---

तिसरा प्रहर

युद्धाबद्दल कुणीच फारसं बोललं नाही, म्हणून लिहितो.

युद्धानं समाज मोडतात तसे घडतातही. फ्रान्सशी लढायला पैसा हवा म्हणून १६९४ मध्ये बँक ऑफ इंग्लंड निघाली, सरकारला १२ लाख पौंडांचं कर्ज द्यायला. १७९९ मध्ये तिथे आयकर आला तोही फ्रान्सशी लढण्यासाठीच. कर मागायचा तर बदल्यात काहीतरी द्यावं लागतं. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ मध्ये, ब्रिटनमध्ये सर्व पुरुषांना आणि ३० वर्षांवरच्या बऱ्याच स्त्रियांना मत मिळालं. दुसऱ्या महायुद्धाच्या ऐन धुमाळीत, १९४२ मध्ये, सामाजिक सुरक्षेची योजना मांडणारा बेव्हरिज अहवाल आला आणि १९४८ मध्ये सरकारी आरोग्यसेवा सुरू झाली. ज्या माणसाला मरायला पाठवायचं त्याला माणूस म्हणून मोजावं लागतं.

---

पानगळ

तिसरा प्रहर, हे राज्यकर्त्या देशातल्या लोकांपुरतं खरं आहे. वसाहतींतल्या सैनिकाला कुठे मोजलं?

पश्चिम आफ्रिकेतले तिराइयर, म्हणजे वसाहतींतून भरती केलेले सैनिक, दुसऱ्या महायुद्धात फ्रान्ससाठी लढले. अनेक जण जर्मनांचे युद्धकैदी झाले. सुटका होऊन ते डाकारजवळच्या थियारोय छावणीत आले आणि त्यांनी थकलेला पगार मागितला. १ डिसेंबर १९४४ ला पहाटे फ्रेंच सैन्यानं त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. अधिकृत आकडा ३५ मृतांचा होता, नंतर ७० म्हटलं गेलं, आणि खरा आकडा याहून बराच मोठा असावा असं अनेक इतिहासकार मानतात. पुढे १९५९ मध्ये फ्रान्सनं कायदा करून वसाहतींतल्या माजी सैनिकांची निवृत्तिवेतनं आहे तिथेच गोठवली. फ्रेंच सैनिकाचं वाढत गेलं. एकाच खंदकात बसलेली दोन माणसं, जखम तीच आणि हाती पडणारे पैसे निराळे. समान दर लागू व्हायला २००७ उजाडलं. तोवर त्यांतले बहुतेक गेले होते.

---

उंबरठा

पैशांचा विषय निघालाच आहे तर हैतीबद्दल लिहायलाच हवं. या धाग्याला हे सर्वांत जास्त लागू पडतं.

सेंट-डोमिंग ही फ्रान्सची सगळ्यात श्रीमंत वसाहत, साखर आणि कॉफीवर उभी. १७९१ मध्ये तिथल्या गुलामांनी उठाव केला, नेपोलियनचं सैन्य परतवलं आणि १८०४ मध्ये स्वतंत्र हैती जाहीर केलं. गुलामांनी स्वतः जिंकून घेतलेला देश. पण मान्यता कुणी देईना. १८२५ मध्ये फ्रान्सचा राजा दहावा शार्ल यानं युद्धनौकांचा ताफा पाठवला आणि फर्मान पुढे केलं: १५ कोटी फ्रँक द्या, मग तुम्हाला स्वतंत्र मानतो. ही भरपाई जुन्या मळेवाल्यांच्या गेलेल्या मालमत्तेची, आणि त्या मालमत्तेत गुलाम माणसंही धरलेली. म्हणजे ज्यांनी स्वतःला सोडवलं त्यांनीच स्वतःची किंमत भरायची.

पहिला हप्ता ३ कोटींचा. तिजोरीत एवढं नव्हतं म्हणून पॅरिसच्या बँकवाल्यांकडून ३ कोटींचं कर्ज काढलं. हातात पडले २ कोटी ४० लाख, बाकीचे कमिशन म्हणून आधीच कापलेले. १८३८ मध्ये एकूण रक्कम ९ कोटींवर आणली, पण कर्जावर कर्ज चढतच गेलं. शेवटचं देणं फिटलं १९४७ मध्ये. शाळा आणि रस्ते ज्या पैशातून व्हायचे तो पैसा सव्वाशे वर्षं समुद्रापार गेला.

आता दफ्तराकडे या. फ्रान्समध्ये आयोग बसला, मळेवाल्यांकडून दावे मागवले, कुणाचा मळा कुठे आणि किंमत किती ते तपासलं आणि दाव्यांच्या सविस्तर याद्या खंडाखंडांत छापल्या. मळेवाल्याच्या नातवाचंही नाव त्यांत सापडतं. मळ्यात राबून मेलेल्यांची अशी यादी कुणी केली? ब्रिटननंही १८३३ च्या कायद्यानं गुलामगिरी संपवताना २ कोटी पौंडांची भरपाई दिली ती मालकांना. त्यासाठीच्या कर्जाचा शेवटचा भाग २०१५ मध्ये फिटला. गुलामांना काही मिळालं नाही, उलट 'उमेदवारी'च्या नावाखाली १८३८ पर्यंत बिनपगारी राबावं लागलं.

---

नोंदकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. दूरदेशींचा दाद मागण्याचा प्रश्न माझ्या प्रश्नापेक्षा नेमका आहे आणि काठावरचा यांच्या बंगालच्या उदाहरणानं तो आणखी पक्का झाला. पोतोसीलाही तो लावून पाहिला. अँडीजमधली गावं वसाहतीच्या कोर्टात जायची, आमच्या गावात एवढी माणसं उरलीच नाहीत, पुन्हा मोजा, असे अर्ज करायची. पुराव्याला दोऱ्यांच्या गाठींतले हिशेब, किपू, आणायची आणि कोर्ट ते वाचून घ्यायचं. फेरमोजणी झाली तर हिस्सा कमी व्हायचा. म्हणजे गावांनी दफ्तर जाळायची मागणी केली नाही, ते खरं लिहा अशी मागणी केली.

म्हणून एक प्रश्न सतावतोय. रवांडानं १९९४ नंतर ओळखपत्रावरून जमात काढून टाकली. बरोबरच केलं असं मन म्हणतं. पण नोंदच नाही ठेवली तर उद्या एका गटाला नोकऱ्यांत, जमिनीत डावललं जातंय हे सिद्ध कशानं करायचं?

---

शाईची बाटली

नोंदकर्ता, माझा कल नोंद न ठेवण्याकडे आहे. आम्स्टरडॅमची कार्डं चांगल्या हेतूनंच केली होती. हेतू चांगला असला तरी पुढच्या राजवटीची हमी कोण देणार? डावललं जाणं मोजायचं असेल तर नाव-पत्ता न घेता नमुना पाहणी करता येते. माणसामाणसाच्या कार्डावर शिक्का कशाला?

---

पानगळ

नमुना पाहणीनं प्रमाण कळेल, भरपाई कुणाला द्यायची ते कळणार नाही. ताजं उदाहरण नामिबियाचं. २ ऑक्टोबर १९०४ ला जर्मन सेनापती लोथार फॉन ट्रोथा यानं तिथल्या हेरेरो लोकांच्या संहाराचा हुकूम काढला. त्यांना ओमाहेकेच्या वाळवंटात रेटलं आणि पाणवठे अडवले. नंतर नामा या दुसऱ्या जमातीचीही तीच गत झाली. जमिनी आणि गुरं जप्त झाली. आजही तिथल्या व्यापारी शेतजमिनीचा मोठा वाटा गोऱ्या मालकांकडे आहे. २०२१ मध्ये जर्मनीनं हा वंशसंहार होता असं म्हटलं आणि ३० वर्षांत १.१ अब्ज युरो विकासकामांना द्यायची तयारी दाखवली. 'भरपाई' हे नाव मात्र दिलं नाही आणि बोलणी केली दोन सरकारांनी. हेरेरो आणि नामांच्या अनेक संघटना म्हणाल्या की आम्हाला त्या टेबलाशी बसवलंच नाही.

वाळवंट ओलांडून जे जगले त्यांतले अनेक ब्रिटिशांच्या बेचुआनालँडमध्ये गेले. त्यांची पतवंडं आज बोत्स्वानाचे नागरिक आहेत. नामिबियातल्या विकासकामांतून त्यांच्या पदरात काय पडणार? शाईची बाटली, शिक्क्याची तुमची भीती मला समजते. पण या पतवंडांना आपलं नाव कुठेतरी लिहिलेलं हवं आहे आणि ते कोण लिहिणार यावर त्यांचा ताबा हवा आहे. अँडीजमधली गावं किपू घेऊन कोर्टात जायची, तीही स्वतः ठेवलेला हिशेब घेऊन. मला तोच मार्ग पटतो: सरकारच्या यादीवर विसंबून राहायचं नाही, स्वतःची यादी करायची आणि ती मान्य करायला लावायची.

---

दूरदेशी

पानगळताई, पटलं. फक्त ती यादी मान्य करायला लावणारं कोर्ट कुठे आहे ते शोधावं लागेल. हेरेरो आणि नामांनी २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टात जर्मनीवर दावा लावला होता. परक्या सार्वभौम राज्यावर इथे खटला चालत नाही, या कारणावर २०१९ मध्ये तो निकालात काढला. माझा मूळ प्रश्न इथेही जिवंत आहे. यावर आंतरराष्ट्रीय कायद्याची माहिती असलेल्या कुणी लिहिलं तर वाचायला आवडेल.